रुग्णवाहिकेला वाडी सापडेल का?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या रुग्णालयात फोन आला. गोठ्यात वैरण टाकायला गेलेल्या माणसाला घोणस चावली होती. फोन करणाऱ्याने "जाधववाडी, ओढ्याच्या पलीकडे" एवढा पत्ता सांगितला. आमच्या मुलाने तो संगणकावर टाकला, नकाशावर लाल टाचणी उमटली आणि गाडी निघाली. ती पोहोचली तालुक्याच्या दुसऱ्या टोकाच्या जाधववाडीत. योग्य वाडी गाठेपर्यंत पाऊण तास वाया गेला. रुग्ण वाचला, परंतु त्याची लघवी बंद झाली व काही दिवस डायलिसिस करावे लागले. त्या पाऊण तासाचा यात किती वाटा, हे नेमके सांगता येणार नाही. मात्र सर्पदंशावरील लस जितकी लवकर मिळेल तितकी बरी, हे या सदराच्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

चूक आमची होती. ती कशी झाली हे सांगितले, तर इतरांना उपयोग होईल. कारण आता अनेक रुग्णालये व संस्था हीच सोय करून घेत आहेत.

पत्त्याचे शब्द दिले की त्या जागेचे अक्षांश-रेखांश काढून देणे, याला जिओकोडिंग म्हणतात. हे काम करणारी सेवा 'क्लाउड'वर भाड्याने मिळते. यात ढगाचा काही संबंध नाही. दूरच्या एखाद्या संगणक-केंद्रात ठेवलेली नकाशांची व नावांची मोठी यादी आपण इंटरनेटवरून विचारतो, इतकेच. दर चौकशीमागे काही आकार पडतो. सेवा सुरू करणे अवघड नाही. खाते उघडायचे, मिळालेली गुप्त किल्ली जपून ठेवायची, खर्च ठराविक रकमेपुढे गेला की सूचना यावी अशी व्यवस्था करायची. आमच्या परिचयातील एका तरुण अभियंत्याने हे सारे दोन दिवसांत करून दिले. आम्ही पेढे वाटले. खरे काम तेथून पुढे होते, हे तेव्हा कळले नाही.

पहिला दोष नावांचा. जाधववाडी, शिंदेवाडी, वडगाव ही नावे किती ठिकाणी आहेत, याची वाचकांनी स्वतःच मोजदाद करावी. संगणक त्यांतले एक पुढे करतो आणि आपण त्यावर विश्वास ठेवतो. शिवाय मोठ्या यादीत गावे असतात. वाड्या, मळे, वस्त्या असतीलच असे नाही. इंग्रजीत 'वडगाव' दोन-तीन प्रकारे लिहितात, तोही घोळ असतोच.

दुसरा दोष अधिक घातक. वाडी सापडली नाही, तर यंत्राने 'सापडली नाही' असे म्हणावे ही आपली अपेक्षा. पुष्कळदा ते तसे म्हणत नाही. ते तालुक्याच्या किंवा पिनकोडच्या मध्यावर टाचणी टोचून मोकळे होते. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसाचे ते काम. पण ते पत्र योग्य टपाल कार्यालयात पोहोचावे म्हणून. एका पिनकोडात अनेक गावे येतात. त्याच्या मध्यावर रुग्ण सापडायचा नाही. उत्तराबरोबर ते किती अचूक आहे याची खूणही सेवा पाठवते. ती खूण पडद्यावर दाखवण्याचे आम्ही राहूनच गेलो होतो.

याचा परिणाम रुग्णवाहिकेपुरता नाही. १८५४ साली लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी कॉलऱ्याच्या मृत्यूंच्या जागा तपासल्या व पुढे नकाशावरही मांडल्या. त्या ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोवती दाटलेल्या दिसल्या व पंपाचा दांडा काढला गेला. आज आपण डेंग्यूच्या रुग्णांचे पत्ते असेच यंत्राला दिले आणि न सापडलेले सारे तालुक्याच्या मध्यावर जमा झाले, तर धूरफवारणी कचेरीभोवती होईल आणि डास वस्तीत राहतील.

कोणी म्हणेल, आता मोबाईलवरूनच जागा कळते. कळते, पण फोन करणारा रुग्णाजवळ असेल तर. आपल्याकडे वडील गावी आणि मुलगा मुंबईला, हा घरोघरचा प्रकार. घाबरलेली आई आधी मुलाला फोन लावते, मग मुलगा मुंबईहून आम्हाला. त्याचा मोबाईल मुंबईच दाखवणार! टपाल खात्याने २०२५ मध्ये 'डिजिपिन' आणला आहे. सुमारे ४ मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनाला त्यात १० अक्षरांचा क्रमांक मिळतो. सोय चांगली आहे. पण रात्री छातीत कळ आलेल्या माणसाला तो क्रमांक आठवेल का? त्याला वाडीचे नाव आठवेल, पिंपळाचा पार आठवेल.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की भाड्याच्या यादीला आपली स्वतःची यादी जोडल्याशिवाय ही सेवा रुग्णाच्या कामी लावू नये. आम्ही ती केली. तीन महिने लागले. आशाताई, पोस्टमन आणि वायरमन या तिघांना जेवढी घरे ठाऊक असतात तेवढी कोणत्याही नकाशाला नसतात. त्यांच्याकडून प्रत्येक वाडीची सर्व नावे घेतली व जवळची खूण लिहिली. जागा मोजली ती वाडीच्या मध्याची नव्हे, तर जेथपर्यंत गाडी जाते तेथली. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की कोणत्या बाजूने जायचे, तेही नोंदवले. दशांशचिन्हापुढे चार अंक घेतले की सुमारे ११ मीटरपर्यंत जागा पक्की होते. एके ठिकाणी आमच्याकडून १७ चा अक्षांश आणि ७४ चा रेखांश यांची अदलाबदल झाली; वाडी थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात गेली! तेव्हा प्रत्येक नोंद दुसऱ्या माणसाने तपासलीच पाहिजे.

जुन्या नावांचा प्रश्न नाजूक आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता. तरी घाईच्या वेळी कोणाच्या तोंडी जुने नाव येईल, तर गाडी अडू नये. यादीत जुने नाव शोधण्यापुरते ठेवावे. पडद्यावर मात्र नवेच दिसावे. आणखी एक पथ्य कटाक्षाने पाळावे. यंत्राला फक्त पत्ता विचारावा. रुग्णाचे नाव व आजार बाहेर पाठवू नये.

आता आमच्याकडे एका नावाच्या दोन वाड्या आल्या, की पडद्यावर दोन्ही दिसतात आणि मुलगा विचारतो, "कोणत्या फाट्यावरून आत यायचं?" हा एक प्रश्न त्या रात्री विचारला असता, तर पाऊण तास वाचला असता.

अशी यादी एकेका रुग्णालयाने करत बसण्यात अर्थ नाही. जिल्हा परिषदेने ती एकदाच करावी, दरवर्षी ग्रामसभेत वाचून दुरुस्त करावी आणि १०८ च्या गाड्यांसह सर्वांना खुली ठेवावी. आशाताईंना या कामाचा वेगळा मोबदला द्यावा.

तोपर्यंत वाचकांनी एवढे करावे. गाव, वाडी, तालुका, मुख्य रस्त्यावरचा फाटा आणि एक ठळक खूण असा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून घरात दाराजवळ लावावा. मुंबई-पुण्याच्या मुलांनाही तो पाठवून ठेवावा. फोन केल्यावर एका माणसाला बॅटरी देऊन फाट्यावर उभे करावे. टाचणी चुकली तरी हातातली बॅटरी चालकाला दिसते.