अबोल माणसांचा हिशेब

मार्च १९९०. वर्षअखेरची रात्र आणि शाखेचा ताळा जुळेना. फरक २७ रुपयांचा. आम्ही तावातावाने एकमेकांच्या चुका काढत होतो. एक अबोल कारकून तेवढा लेजर चाळत होता. फरकाला ९ ने भाग जातो, तेव्हा आकड्यांची अदलाबदल झाली असणार, हे त्याने ताडलं होतं. तासाभराने त्याने एका नोंदीवर पेन्सिल टेकवली. १,४८५ च्या जागी १,४५८!

पुढे तो पदोन्नतीच्या मुलाखतीला आला, तेव्हा मंडळावर मी होतो. ‘नेतृत्वगुण’ या रकान्यात मी हात आखडता घेतला. कारण काय, तर बोलत नाही. आपल्याकडे बोलणाऱ्याची बोरं विकली जातात, ती अशी. त्याला बढती मिळाली नाही. त्याने तक्रारही केली नाही.

लंडनला शिकताना गांधीजींना शाकाहारी मंडळात स्वतः लिहून आणलेलं निवेदन वाचवलं नाही, दुसऱ्याने वाचलं. शब्दांची काटकसर आपल्याला लाजाळूपणानेच शिकवली, असं ते आत्मकथेत सांगतात. हे मी मुलाखती घेण्याआधीच वाचलं होतं, बरं का!

परवा नातीच्या प्रगतिपुस्तकात शेरा आला, ‘वर्गात बोलत नाही’. सूनबाई म्हणाली, “बाबा, हिला एखाद्या शिबिराला घालू या का?”

तिला मी २७ रुपयांची गोष्ट सांगितली. मी दिलेल्या गुणांसकट.