मुळाचे नाव सांगा!

'नैसर्गिक' या शब्दावर माझा राग आहे, आणि दिवाळी आहे म्हणून तो मी गिळणार नाही. परवा इस्तंबूलहून आलेल्या पाहुण्याने तिळाच्या हलव्याचा डबा दिला. (संक्रांतीचा काटेरी हलवा नव्हे; हा वडीसारखा, तंतुमय.) सूनबाईंनी डब्यावर 'नैसर्गिक' वाचले आणि धाकट्या नातवासकट साऱ्यांनी तो निर्धास्तपणे फस्त केला.

वाचकहो, तिळाच्या कुटाला तेल सुटते. ते धरून ठेवायला काहीतरी हवे. तुर्की हलवाई 'चोवेन' नावाचे मूळ उकळतात. गुच्छात गुलाबांभोवती खोचतात, त्या जिप्सोफिलाच्या गोतातले हे झुडूप. त्याचा काढा पाकात घालून घोटला की पाक पांढराशुभ्र फुलतो. मग त्यात तिळाचा कूट. मुळातले सॅपोनिन एका हाताने पाणी धरते, दुसऱ्याने तेल. आपल्या रिठ्यात आणि शिकेकाईतही सॅपोनिनेच. अभ्यंगस्नानाचा फेस त्यांचाच! ते थेट रक्तात गेले तर तांबड्या पेशी फोडते. पोटातून मात्र फारसे शोषले जात नाही, आणि हलव्यात असते थोडेसेच. म्हणजे भरवसा प्रमाणाचा. निसर्गाचा त्यात काय संबंध?

उलट बिस्किटाच्या पुड्यावर 'ई ३२२' दिसले की याच सूनबाई विंचू दिसल्यासारखा हात मागे घेतात. ते असते लेसिथिन, बहुधा सोयाबीनचे. अंड्याच्या बलकातही तेच. तेही निसर्गातलेच की!

कारखानदारांनो, विशेषणे पुरेत. मुळाचे नाव छापा, आणि शेजारी प्रमाण.