पेठ सर्वांची, भारही सर्वांचा

शहराचा प्राण त्याच्या पेठेत असतो. लग्नाचा बस्ता, दिवाळीची खरेदी, शाळेची वह्या-पुस्तके, आजारपणातील औषधे या साऱ्यांच्या निमित्ताने माणूस पेठेशी जोडला जातो. दुकानदार गिऱ्हाइकाला नावाने ओळखतो, अडीनडीला उधारीही देतो. अशी पेठ केवळ विक्रीची जागा नसते, ती समाजाच्या परस्परविश्वासाची जागा असते. आज मात्र आपल्या बहुतेक शहरांतील जुन्या पेठा दुरवस्थेच्या फेऱ्यात सापडल्या आहेत. पदपथ उखडलेले, दिवे बंद, वाहन लावण्यास जागा नाही, महिलांसाठी स्वच्छतागृह नाही. त्रासलेला ग्राहक मॉलकडे वळतो किंवा घरबसल्या मोबाईलवरून वस्तू मागवतो. व्यापारी महापालिकेला दोष देतात, महापालिका व्यापाऱ्यांच्या अतिक्रमणांकडे बोट दाखवते आणि या वादात पेठ मात्र ओस पडत जाते.

या दुखण्यावर कॅनडातील टोरांटो शहराने अर्धशतकापूर्वी एक उपाय शोधला. तो जसाच्या तसा उचलावा असे कोणी म्हणणार नाही. पण त्यामागील विचार समजून घेण्यासारखा निश्चितच आहे.

टोरांटोच्या पश्चिम भागातील ब्लोअर मार्गावरील पेठेवर १९६०च्या दशकात दुहेरी संकट कोसळले. १९६४ साली यॉर्कडेल हे प्रचंड व्यापारी संकुल उभे राहिले आणि प्रशस्त वाहनतळाची सोय असलेल्या त्या संकुलाकडे ग्राहकांचा ओघ सुरू झाला. पाठोपाठ भुयारी रेल्वे आली. १९६८ साली ती आणखी पश्चिमेकडे वाढली. तोवर ट्रामने दुकानांसमोरून जाणारे लोक आता पेठेच्या पायाखालून जाऊ लागले! पेठ तीच, माल तोच, पण रस्त्यावरची वर्दळ नाहीशी झाली.

तेथील व्यापाऱ्यांचा संघ होता, उत्साही कार्यकर्तेही होते. पण संघाचा कारभार ऐच्छिक वर्गणीवर चाले आणि येथेच घोडे पेंड खात होते. चार जणांनी पैसे घालून दिवे लावले, तर उजेड पाचव्याच्या दारातही पडणारच. मग पाचव्याने वर्गणी का द्यावी? पुढच्या वर्षी चौथाही हात आखडता घेतो. सार्वजनिक कामाचा हा अनुभव आपल्याकडील प्रत्येक कार्यकर्त्याच्या परिचयाचा आहे. यावर ब्लोअरच्या व्यापाऱ्यांनी काढलेला मार्ग असाधारण होता. त्यांनी सरकारकडे अनुदान मागितले नाही, कायदा मागितला. आमच्या पेठेतील सर्वांवर थोडा जादा आकार बसवा, तो नगरपालिकेने वसूल करावा आणि सारी रक्कम याच पेठेसाठी आमच्या हाती द्यावी, अशी ती मागणी होती. ओंटारिओ प्रांताच्या विधिमंडळाने डिसेंबर १९६९मध्ये तशी तरतूद केली आणि १९७० साली जगातील पहिली 'बिझनेस इम्प्रूव्हमेंट एरिया', म्हणजेच व्यवसाय सुधार क्षेत्र, अस्तित्वात आले. दिवे, बाके, झाडे, सणासुदीची सजावट अशा साध्या कामांपासून सुरुवात झाली. आज एकट्या टोरांटोत अशी ऐंशीहून अधिक क्षेत्रे आहेत. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सने १९७४ साली हाच मार्ग धरला. इंग्लंडने २००३ साली कायदा केला आणि २००५ साली किंग्स्टन येथे तेथील पहिले क्षेत्र सुरू झाले.

या व्यवस्थेची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. ओंटारिओच्या कायद्यानुसार प्रस्तावित क्षेत्रातील प्रत्येक व्यावसायिक मालमत्ताधारकाला सूचना पाठवावी लागते आणि त्याने ती आपल्या भाडेकरूपर्यंत पोहोचवावी लागते. ६० दिवसांत किमान एक तृतीयांश जणांनी लेखी हरकत घेतली आणि करातील त्यांचा वाटाही किमान एक तृतीयांश असला, तर प्रस्ताव तेथेच थांबतो. मालक आणि भाडेकरू दोघेही सभासद असतात. कोणाच्या मालकीची दुकाने कितीही असोत, त्याला मत एकच. सभासदांनी निवडलेले मंडळ कारभार पाहते आणि त्यात नगरपरिषदेचा प्रतिनिधीही असतो. वार्षिक अंदाजपत्रक आधी सभासदांपुढे आणि मग नगरपरिषदेपुढे जाते. थोडक्यात, पैसा पेठेचा, निर्णय पेठेचा आणि हिशेब मात्र सार्वजनिक.

टोरांटोतील जेरार्ड मार्गावरील 'इंडिया बाजार' हेही असेच एक क्षेत्र आहे. १९७२ साली तेथे ग्यान नाझ यांनी नाझ चित्रपटगृहात भारतीय चित्रपट दाखवण्यास प्रारंभ केला आणि त्याभोवती साड्या, मसाले, मिठाई यांची दुकाने उभी राहिली. परदेशात स्थायिक झालेल्या भारतीयांना आपली वाटणारी ती पेठ ठरली. पुढे भारतीय कुटुंबे ब्रॅम्प्टन, मिसिसागा या उपनगरांकडे वळली आणि या पेठेचा पूर्वीचा बहर ओसरला. म्हणजे ही व्यवस्था जादूची कांडी नव्हे. लोकवस्तीच सरकली, तर दिवे आणि बाके ग्राहक परत आणू शकत नाहीत. परंतु बदलत्या काळाला एकत्रितपणे सामोरे जाण्याचे साधन ती निश्चितपणे देते.

पेठेने आपला कारभार आपण पाहावा, ही कल्पना महाराष्ट्राला परकी आहे काय? मुळीच नाही. आपल्याकडे नवी पेठ वसवताना शेटे आणि महाजन नेमले जात. व्यापाऱ्यांना आणून वसवणे आणि पेठेतील तंटे मिटवणे ही त्यांची जबाबदारी असे आणि त्याबद्दल त्यांना हक्कही मिळत. अलीकडचे उदाहरण मुंबईच्या दादाभाई नौरोजी मार्गाचे. तेथील दुकानदारांनी ऐतिहासिक इमारतींच्या कमानी झाकणाऱ्या पाट्या उतरवून शिस्तबद्ध पाट्या लावल्या. या कामाची दखल युनेस्कोच्या वारसा संवर्धन पुरस्कारांतही २००४ साली घेतली गेली. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर २०२१पासून महापालिका साजरा करत असलेला पादचारी दिन हाही वाहनांविना पेठ कशी फुलू शकते याचा प्रत्यय देतो. पण एका दिवसाचा उपक्रम आणि वर्षभराची व्यवस्था यांत अंतर आहे.

आपले व्यापारी संघटित होऊ शकत नाहीत असे नाही. २०१३ साली स्थानिक संस्था कराच्या विरोधात राज्यभर दुकाने बंद राहिली. विरोधासाठी एवढी एकजूट होते, तर आपल्याच दारापुढच्या पदपथासाठी का होऊ नये, हा प्रश्न प्रत्येक व्यापारी संघाने स्वतःला विचारला पाहिजे.

आक्षेप येतील आणि ते रास्तही आहेत. 'आधीच करांचे ओझे, त्यात आणखी एक?' असे विचारले जाईल. मात्र जो आकार देणाऱ्यांच्याच संमतीने ठरतो आणि त्याच रस्त्यावर खर्च होतो, तो अन्य करांहून वेगळा असतो. महापालिकेने आपले नित्याचे काम या निमित्ताने अंगाबाहेर टाकता कामा नये, ही अट मात्र लेखी हवी. पेठ सुधारली की भाडे वाढते आणि छोटा दुकानदारच बाहेर फेकला जातो, हाही धोका खरा आहे; म्हणून मंडळात भाडेकरूंना स्थान हवेच. आणि फेरीवाल्यांचे काय? पेठ चकचकीत करण्याच्या नादात भाजीवाली मावशी हद्दपार होणार असेल, तर ती सुधारणा नव्हे. २०१४च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीची तरतूद केली आहे. पेठेच्या मंडळाने तिच्याशी भांडण नव्हे, समन्वय ठेवावा.

अशा कायदेशीर तरतुदीची मागणी व्यापारी संघांनी राज्य शासनाकडे आग्रहाने करावी. परंतु कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. एक रस्ता निवडावा. त्यावरील प्रत्येक दुकानात, मालकाकडे आणि भाडेकरूकडेही, जाऊन संवाद साधावा. तीन वर्षांसाठी निश्चित वर्गणीचा लेखी करार करावा. पहिल्या वर्षी दोनच कामे हाती घ्यावीत, उदाहरणार्थ दिवे आणि स्वच्छतागृह, पण ती पुरी करावीत. दर तीन महिन्यांनी जमाखर्च चौकातील फलकावर लावावा. ज्या पेठेत पैशाचा हिशेब उघड असतो, तेथे पाचवा दुकानदारही आज ना उद्या सामील होतो.

कार्यकर्त्यांना यात मोठे क्षेत्र उपलब्ध आहे. ग्राहक कुटुंबांचेही कर्तव्य आहेच. पेठ जगावी असे वाटत असेल, तर खरेदीची पिशवी घेऊन तेथे गेले पाहिजे. पेठ मोडते ती एका दिवसात नव्हे. प्रत्येकाने 'मला काय त्याचे' म्हणत रोज थोडी मोडू दिलेली असते. ती सावरायची, तर प्रत्येकाने रोज थोडा भार उचलण्यावाचून दुसरा मार्ग नाही.