नेट गेलं नाही, पत्ता सांगणारा गेलाय!

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा आहे, हॉस्टेलचं नेट!

परवा रात्री परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख होती. पान उघडेना. अख्ख्या विंगमध्ये एकच ओरडा, "नेट गेलं!" मी पिंग करून पाहिलं तर नेट ठणठणीत. आकडी पत्ता दिला की उत्तर लगेच. नाव दिलं की कॉम्प्युटर गप्प. म्हणजे नावावरून आकडी पत्ता सांगणारा डीएनएस सर्व्हर आजारी. माझ्या रूममेटला लेट फी बसली.

तुम्ही म्हणाल, दोन सर्व्हर दिलेले असतात ना? असतात, पण गंमत इथेच आहे. मी ओझरची. एखादा पाहुणा दहाव्या मैलावर उतरला, टाउनशिपमधलं क्वार्टर विचारायला पानटपरीवर गेला आणि टपरी बंद निघाली, तर तो शेजारच्या दुकानात विचारेल. दुसऱ्यांदा त्या टपरीकडे फिरकणार नाही. लिनक्सची साधी पद्धत एवढी शहाणी नाही. ती पहिल्या सर्व्हरपुढे ५ सेकंद उभी राहते, मग दुसऱ्याकडे जाते. पुढचं नाव विचारायचं झालं की परत त्याच बंद टपरीपुढे ५ सेकंद! एका पानाला अशी बरीच नावं लागतात. तोवर फॉर्म "टाइम आउट".

काही हुशार मंडळी दुसऱ्या जागी ८.८.८.८ टाकतात. मला हे पटत नाही. पहिला जरा रेंगाळला की प्रश्न गूगलकडे जातो, आणि आपल्या लायब्ररीच्या आतल्या साइटचं नाव गूगलला काय ठाऊक? तो सांगतो "असं नाव नाही", आणि कॉम्प्युटर ते खरं मानून थांबतो.

४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होतं, आठवतं? फेसबुकचे डीएनएस सर्व्हर पुष्कळ होते, पण बाहेरच्या जगाला सगळे एकदमच दिसेनासे झाले. आपले तर दोनच, तेही एकाच खोलीत, एकाच यूपीएसवर. परवा एकच आजारी पडला हे नशीब!

सिस्टमवाल्या सरांना विनंती : लॅबच्या मशीनवर वाट पाहण्याची मुदत ५ ची १ सेकंद करा. एका ओळीचं काम, खर्च शून्य. आणि दुसरा सर्व्हर लायब्ररीच्या इमारतीत हलवा. उचलायला आमची विंग येते, फक्त सबमिशननंतर बोलवा.