परतावा ही मेहरबानी नव्हे

महापालिकेने एखाद्या घराकडून चुकून जास्त पैसे घेतले, तर ते परत कोणी करायचे, कधी करायचे आणि कोणी मागितल्यावर? प्रश्न किरकोळ वाटतो. रक्कम बहुधा हजार-दोन हजारांची असते. पण शहर आपल्या नागरिकाला काय समजते, हे मला मोठमोठ्या भाषणांपेक्षा या हजार-दोन हजारांच्या हिशेबात जास्त स्वच्छ दिसते.

मोहल्ल्यातल्या लोकांची बिले वाचायला घेतली की तेच ते प्रकार समोर येतात. नळजोडणी तोडून तीन वर्षे झाली, पाणीपट्टी मात्र चालूच. मीटर बंद पडलेले, बिल सरासरीने. घरात शिलाई मशीन दिसले म्हणून घरगुती जोडणीला व्यावसायिक दर. आधीच्या मालकाची थकबाकी नव्या मालकाच्या नावावर. माणूस खिडकीवर जातो, ‘आधी भरा, मग बघू’ हे ऐकतो आणि भरून टाकतो. पुढे चूक मान्य झाली तरी उत्तर मिळते, ‘साहेब आले की या.’ दोन-तीन खेपांची मजुरी बुडाल्यावर तो घरी म्हणतो, जाऊ द्या, सब्र करू.

मला याच शब्दाबद्दल बोलायचे आहे. सब्र म्हणजे अडचणीत पाय रोवून उभे राहणे. आपला हक लिहून मागायचा नाही, याला सब्र म्हणत नाहीत. तो कंटाळा असतो किंवा भीती असते. मापात मारणाऱ्यांवरून कुरआनातल्या एका सूरहचे नावच पडले आहे, अल-मुतफ्फिफीन. दुकानदाराने मापात मारले तर आपण तिथल्या तिथे बोलतो. तोच प्रकार सरकारी खिडकीतून झाला की मान खाली का जाते?

देशाचा कायदाही मागणाऱ्याच्या बाजूने आहे. संविधानाच्या कलम २६५ नुसार कायद्याचा आधार नसेल तर कोणताही कर बसवता येत नाही आणि वसूलही करता येत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७२ सांगते की चुकीने किंवा दबावाखाली दिलेले पैसे, ते ज्याला मिळाले त्याने परत केले पाहिजेत. हे कलम सरकारलाही लागू आहे का, असा प्रश्न १९५८ साली बनारसच्या एका पेढीच्या विक्रीकराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने पेढीच्या बाजूने निकाल दिला. कायद्याचा अर्थ चुकीचा समजून भरलेला करही परत मिळू शकतो आणि सरकारने ते पैसे खर्च करून टाकले ही सबब चालणार नाही, असे त्यात ठरले. म्हणून ‘पैसे तिजोरीत जमा झाले, आता काही होत नाही’ असे कोणी सांगितले तर तो कायदा नव्हे, खिडकीवरची सवय आहे हे ओळखा.

पुण्याचे उदाहरण घ्या. जिथे मालक स्वतः राहतो, अशा घरांना पुणे महापालिका १९७० पासून मालमत्ता करात ४० टक्के सवलत देत होती. लेखापरीक्षणात आक्षेप आला, सवलत काढली गेली आणि २०१९ पासून नव्याने आकारणी झालेल्या घरांना पूर्ण दराची बिले गेली. नागरिकांनी आवाज उठवला. २०२३ मध्ये राज्य सरकारने सवलत पुन्हा लागू केली. मधल्या काळात ज्यांनी जास्त भरले होते, त्यांची फरकाची रक्कम पुढच्या बिलांतून वळती करायचे ठरले. पण त्यासाठी ज्यांची सवलत गेली होती त्यांनी पीटी-३ नावाचा अर्ज, घरात स्वतः राहत असल्याच्या पुराव्यासह, भरून द्यायचा होता. बिल आपोआप घरी आले होते. परतावा मात्र अर्ज केल्याशिवाय येणार नव्हता. ज्याला बातमी कळली आणि अर्ज भरता आला, त्याची वाट सोपी झाली. ज्या आजीला ना बातमी कळली ना अर्ज वाचता आला, तिचे काय?

महापालिकेचीही एक बाजू आहे, ती ऐकली पाहिजे. तिजोरीतला पैसा सगळ्यांचा असतो. कारकुनाने कोणाच्याही तोंडी सांगण्यावरून तो काढून देऊ नये, पुरावा मागावा, हे बरोबरच आहे. पण नळ कधी तोडला, मीटर कधी बंद पडले, पैसे कोणत्या तारखेला भरले, याच्या नोंदी तिच्याच दप्तरात असतात. स्वतःच्या दप्तरातला पुरावा स्वतः पाहायचा नाही आणि नागरिकाला झेरॉक्सच्या दुकानात पाठवायचे, हा न्याय नव्हे. एका घरात एक चूक सापडली, तर त्याच कारणाने आणखी किती घरांना चुकीची बिले गेली हे शोधणे तिचे काम आहे.

उशिराचा हिशेबही दोन्हीकडे सारखा हवा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखाली घरपट्टी थकली तर दरमहा २ टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. मग पालिकेने आपले पैसे वर्षानुवर्षे ठेवून घेतले तर व्याज का नको? २००३ च्या वीज कायद्यात कलम ६२(६) आहे. वीज कंपनीने ठरलेल्या दरापेक्षा जास्त वसूल केले, तर ती रक्कम ग्राहकाला व्याजासह परत मिळते. पाण्याच्या बिलालाही हाच नियम असावा, ही आपली मागणी असली पाहिजे.

मागणी होईपर्यंत हातात असलेली कामे करूया. वादातले बिल भरावेच लागले तर ‘हरकत नोंदवून भरत आहे’ असे लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. अर्ज तोंडी करू नका. आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का असलेली प्रत जपून ठेवा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली १० रुपये भरून मीटर वाचनाच्या नोंदी आणि आपल्या खात्याचा उतारा मागा. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. घरपट्टीच्या आकारणीविरुद्ध न्यायालयात अपील करायचे तर मुदत अवघी १५ दिवसांची असते आणि त्याआधी पालिकेकडे तक्रार केलेली असावी लागते, म्हणून बिल आले की त्याच दिवशी वाचा. रक्कम लहान असेल तर एकट्याने पळू नका. एकाच गल्लीत एकाच प्रकारची दहा बिले असतील तर दहा अर्ज एका दिवशी द्या.

आपल्या वस्तीचे बिल चुकले की काही मित्र लगेच म्हणतात, आपण मुसलमान म्हणूनच हे झाले. तसे असूही शकते, पण आधी तपासा. शेजारच्या प्रभागातल्या तक्रारींचीही माहिती मागवा. तिथेही तीच चूक असेल तर तिथल्या लोकांना सोबत घ्या, अर्जाचे वजन वाढेल. चूक फक्त आपल्याच प्रभागात असेल तर तो भेदभावाचा कागदोपत्री पुरावा होईल आणि तो कोणालाही सहज झटकता येणार नाही.

काही कामे आपल्या घरातलीही आहेत. बिल दादांच्या नावावर असते, दादा जाऊन वीस वर्षे झालेली असतात. बिलावर ‘शेख’ एका प्रकारे लिहिलेले, आधारवर दुसऱ्या आणि बँकेत तिसऱ्या. परताव्याची वेळ आली की नेमके इथे अडते. नावात बदल करून घ्या, आणि वारसांची नावे लावताना बहिणींची नावे गाळू नका. पालिकेकडे आपला हक मागायचा आणि घरात बहिणीचा हक ठेवून घ्यायचा, हे चालणार नाही. घर भाड्याने दिले असेल आणि पाणीपट्टी भाडेकरूकडून घेतली असेल, तर परत आलेले पैसे त्याचे आहेत. भाडेकरूंनीही भरलेल्या पैशांची पावती मालकाकडून मागून घ्यावी.

आणखी एक. परतावा मिळाला की चौकात कोणाचा तरी फलक लागतो, ‘यांच्या प्रयत्नांना यश.’ मदत करणाऱ्याचे आभार जरूर माना. पण ते पैसे त्याने दिलेले नाहीत, ते तुमचेच होते. शहराकडे ते अमानत म्हणून पडून होते आणि अमानत ज्याची त्याला पोचवणे हे ठेवणाऱ्याचे कर्तव्य आहे. या महिन्यात घरातली गेल्या तीन वर्षांची बिले काढा, अम्मी-अब्बांसोबत बसून एकेक ओळ वाचा. चूक सापडली तर अर्ज लिहा. बरोबर निघाले तर वेळेवर भरा. शहराचा हिशेब मागण्याचा अधिकार आपण आपला हिशेब चोख ठेवूनच वापरायचा आहे.