बटणावर नुसती बोटं

जयंतीच्या मिरवणुकीत डीजे येतो. घरटी वर्गणी काढून आणलेला. पेनड्राईव्ह खुपसतो, घरून जोडून आणलेली तासाभराची गाणी सोडतो आणि बटणावर नुसती बोटं नाचवतो. च्यायला, हे काय काम झालं? गोदीत रिकामं पोतं पाठीवर घेऊन मी वाकून चाललो तर मुकादम हजेरी लावील का?

ज्यांच्याकडून आपण पँथर हे नाव घेतलं, त्या अमेरिकेतल्या काळ्यांच्या पोरांनी ही कला हातांनी वाढवली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ला बहिणीच्या पार्टीत गाणी लावणारा कूल हर्क, जमैकातून आलेला. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या तो शेजारीशेजारी ठेवू लागला. ढोलाचा तुकडा इकडं संपला की तिकडं सुरू. ग्रँडमास्टर फ्लॅशनं तर तबकडीवर मेणखडूनं खुणा केल्या, सुई नेमकी पडावी म्हणून.

आता यंत्र सगळं करतं म्हणता? करू द्या. तयार गाणी लावण्यात पाप नाही. तसं सांगून लावा, पैसेही तेवढेच घ्या. पण वामनदादा कर्डकांचं गाणं लागलं की गड्या, मान तरी वर कर. कडेला म्हाताऱ्या बाया उभ्यायत, त्यांना शब्द ऐकायचेत. तो ढोल खाली घे.