परवानगीचा उंबरठा : वऱ्हाडातील भाडेकरूने काय गमावले?

१/ भाडेकरूच्या संरक्षणाचा इतिहास म्हणजे मुंबईच्या चाळींचा आणि पागडीचा इतिहास, असा समज रूढ आहे. मेळघाटातील धारणीहून नकाशाकडे पाहिले की तो कोसळतो. घराबाहेर काढले जाण्यापासूनचे संरक्षण इथे माणसाच्या गरजेने कधी ठरलेच नाही. ते सरहद्दींनी ठरवले.

२/ धारणीची एक वाट अमरावतीला जाते, दुसरी बऱ्हाणपूरला. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत ही दोन्ही शहरे एकाच शासनाखाली होती. त्या शासनाचा वारसा म्हणजे मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४६ चा घरभाडे कायदा आणि त्याखालील १९४९ चा आदेश.

३/ त्या आदेशाचा तेरावा खंड विलक्षण होता. भाडेपट्टा संपवण्याची नोटीस देण्याआधीच घरमालकाला भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी घ्यावी लागे. भाडे थकले, पोटभाडेकरू ठेवला, मालकाला स्वतःसाठी घर खरोखरच हवे, असे कारण आधी पटवायचे. मग नोटीस आणि त्यानंतर दिवाणी दावा.

४/ मुंबईच्या १९४७ च्या कायद्यात असा उंबरठा नव्हता. मालक थेट लघुवाद न्यायालयात जाई. मराठवाड्यात हैदराबादच्या १९५४ च्या कायद्यानुसार नियंत्रक स्वतःच घर रिकामे करण्याचा आदेश देई. बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिले आणि तिथे १९६१ चा वेगळा कायदा आला. १९६० साली महाराष्ट्र एक झाला. भाडेकरू मात्र तीन कायद्यांत विभागलेलेच राहिले.

५/ ३१ मार्च २००० रोजी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम लागू झाला आणि तिन्ही जुने कायदे रद्द झाले. एकरूपता म्हणजे न्याय, असे मानणाऱ्यांनी इथे थांबावे. वऱ्हाडाचा उंबरठा मुंबईला आणि मराठवाड्याला मिळाला नाही. उलट वऱ्हाडाचाच काढून घेतला गेला.

६/ दुहेरी प्रक्रियेत प्रकरणे रेंगाळत, मालकाची कोंडी होई, हा आक्षेप खरा आहे. गोठवलेले भाडे काळाच्या ओघात अवाजवी ठरले, असे सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात १९९७ साली म्हटलेही. पण तो प्रश्न भाड्याच्या रकमेचा होता. रक्कम वाढवावी, त्यासाठी परवानगीची अट मोडण्याचे कारण नव्हते. विलंबावर उपाय मुदत घालणे हा होता.

७/ शिवाय ही एकरूपताही अपुरी आहे. नवा कायदा परिशिष्टांत नोंदलेल्या, जुने कायदे लागू असलेल्या किंवा शासनाने अधिसूचनेने जोडलेल्या क्षेत्रांतच चालतो. त्याबाहेर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे : महिन्याच्या भाडेकरूला पंधरा दिवसांची नोटीस पुरे, कारण देण्याची गरज नाही.

८/ आणि करार ‘लीव्ह अँड लायसन्स’चा असेल, तर कलम २४ नुसार मुदत संपताच घर सोडायचे; न सोडल्यास दुप्पट शुल्काइतकी भरपाई द्यायची.

९/ म्हणून बदली होऊन धारणीत आलेल्या शिक्षकाला किंवा वनरक्षकाला, मुलांच्या शाळेसाठी खोली घेणाऱ्या कोरकू कुटुंबाला पहिला प्रश्न ‘मालकाचे कारण खरे आहे का?’ हा विचारताच येत नाही. आधी पाहावे लागते, गाव कायद्याच्या कक्षेत आहे का आणि कागदावर शब्द कोणता आहे. १९४९ च्या आदेशाने कारणाचा प्रश्न सर्वांत आधी ठेवला होता. वऱ्हाडाने गमावले ते हेच, आणि परत मागायचे तेही हेच.